दुखणें अंगावर काढावें काय?

सकाळचे सहा वाजलेले असतात. शेगडीवर दूध चढलेलें असतें, मुलांच्या डब्यांची गडबड चाललेली असते, न्हाणीघरापुढें दोघे-तिघे टॉवेल घेऊन उभे असतात. आणि अशा वेळीं घरांतील एक कर्तें माणूस अंथरुणांत डोळे मिटून मनाशीं हिशेब करीत पडलेलें असतें. रात्रभर अंग मोडून आलेलें आहे, घसा सोलवटल्यासारखा झाला आहे, डोकें उचलवत नाहीं. आज कामावर जावें कीं घरीं राहावें, एवढाच काय तो प्रश्न. बहुधा पांच मिनिटांत त्याचा निकाल लागतो, व तो एकाच बाजूनें लागतो. माणूस उठतें, कढत पाणी अंगावर घेतें, तापाची एक गोळी चहाबरोबर घशाखालीं उतरवतें आणि गाडी गांठावयास निघतें. घरांतील मंडळीहि मागून कौतुकानें म्हणतात, "काय चिवटपणा आहे पाहा! अंगांत ताप असून गेला!"

या कौतुकाविषयींच आज वाचकभगिनींशीं व बंधूंशीं दोन शब्द बोलावेत असें मनांत आहे. दुखणें अंगावर काढणें हा आपल्या पांढरपेशा घरांत एक गुणच मानला जातो. मीहि तो गुण पुष्कळ वर्षें मिरविला. पण एकदां त्याची जी किंमत पडली, ती माझ्या एकटीकडून वसूल झाली नाहीं. म्हणून हें लिहीत आहें.

आमच्या घरची हकीकत

मी एका शाळेंत शिक्षिका आहें. घरांत आम्ही नऊ माणसें: मामंजी, सासूबाई, थोरले भाऊजी व जाऊबाई, आम्ही उभयतां आणि तीन मुलें. दोन वर्षांपूर्वीं, गणपति अवघ्या पंधरा दिवसांवर आले असतांना, मला थंडी वाजून ताप आला. उष्णतामापक नळी लावून पाहिली, तों पारा १०२ वर. खोकला व अंगदुखी होतीच. पण त्याच आठवड्यांत शाळेची तपासणी व्हावयाची होती. माझ्या वर्गाचीं दप्तरें मीच तयार केलेलीं, हजेरीपट माझ्याच हातचे. मी नसलें तर सारा घोळ होईल, अशी माझी ठाम समजूत. पॅरासिटामॉलची गोळी घेतली, तासाभरांत घाम येऊन ताप उतरला, आणि मी निघालें. तीन दिवस हाच क्रम चालला. दुपारीं गोळीचा अंमल सरला कीं शिक्षकांच्या खोलींत जाऊन दुसरी गोळी घ्यावयाची व पुन्हां वर्गावर उभें राहावयाचें.

संध्याकाळीं घरीं आल्यावर तरी अंथरूण धरावें? पण जाऊबाई दिवसभर राबलेल्या. त्यांच्यावर आणखी भार कशाला, म्हणून पोळ्या मीच लाटल्या. सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या रोज रात्रीं त्यांच्या हातावर मी ठेवीत असें. तो नेमहि मोडला नाहीं. त्यांच्या पलंगावर बसून पाय चेपतांना मी खोकत होतें, हें मला आज आठवतें. तेव्हां त्याचें कांहींच वाटलें नाहीं.

तपासणी झाली. अधिकारी माझ्या वर्गांत दहा मिनिटें बसले, हजेरीपट चाळला, दोन मुलांना पाढे विचारले आणि पुढच्या वर्गाकडे गेले. माझ्या जागीं दुसऱ्या कोणी बाई उभ्या असत्या, तरी त्यांना तें कळलेंहि नसतें.

पांचव्या दिवशीं सासूबाईंना ताप भरला. त्यांचें वय तेव्हां ७८. दोन दिवसांत श्वास लागूं लागला. डॉक्टरांनीं तपासून ताबडतोब रुग्णालयांत हलविण्यास सांगितलें. इन्फ्ल्युएंझा, आणि त्यावर न्युमोनिया. अकरा दिवस त्या तेथें होत्या, त्यांतले चार प्राणवायूच्या नळीवर. त्या वर्षीं आमच्याकडे गणपति दीड दिवसांतच बोळविले. एरवीं गौरींबरोबर जातात. सासूबाई देवाच्या दयेनें परत आल्या. पण जी बाई रोज सकाळीं फुलें काढावयास मागच्या अंगणांत एकटी जात असे, तिला तेव्हांपासून हातांत काठी घ्यावी लागली, ती अजून सुटली नाहीं.

त्याच सोमवारीं माझ्या वर्गांतील अकरा मुलें गैरहजर होतीं. सगळ्यांना माझ्यामुळेंच ताप आला असें मी म्हणणार नाहीं. गांवांत साथ होतीच. पण माझ्यामुळें कोणालाच आला नाहीं, असेंहि मला छातीला हात लावून म्हणतां येत नाहीं.

सासूबाईंनीं मला एका शब्दानें बोल लावला नाहीं. पुढें पुष्कळ दिवसांनीं, वाती वळीत बसल्या असतांना, त्या एवढेंच म्हणाल्या, "त्या दिवशीं तुला जाऊं नकोस म्हणावें असें माझ्या ओठांवर आलें होतें. पण मनांत म्हटलें, नोकरीचें माणूस, त्याला आपण कसें अडवावें?" मीहि मग विचार केला. मुख्याध्यापिकाबाईंनीं मला "याच" म्हणून कोठें सांगितलें होतें? मीं त्यांना विचारलेंच नव्हतें. जिनें विचारावयाचें तिनें विचारलें नाहीं, आणि ज्यांनीं अडवावयाचें त्यांनीं अडविलें नाहीं. असा हा सगळा प्रकार.

ताप उतरणें म्हणजे बरें होणें नव्हे

माझी पहिली चूक गोळीविषयींची होती. पॅरासिटामॉल ताप उतरवितें, अंगदुखी कमी करतें. पण ज्या विषाणूमुळें ताप आला त्याला तें हातहि लावीत नाहीं. गोळी घेऊन बसमध्यें बसलेलें माणूस स्वतःला बरें समजत असतें, परंतु शेजाऱ्याला रोग देण्याची त्याची शक्ति तिळभरहि कमी झालेली नसते. इन्फ्ल्युएंझा झालेलें मोठें माणूस लक्षणें दिसण्यापूर्वीं सुमारें एक दिवसापासून पुढें पांच-सात दिवसांपर्यंत इतरांना रोग देऊं शकतें, आणि त्यांतले पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट. म्हणजे ज्या दिवसांत आपण धैर्यानें कामावर जातों, नेमके तेच.

म्हणून वैद्यकशास्त्राचा साधा नियम असा आहे कीं, तापाची गोळी न घेतां संबंध २४ तास ताप आला नाहीं आणि इतर लक्षणेंहि उतरणीला लागलीं, तरच कामावर जाण्याचा विचार करावा. आणि पुढेंहि चार-पांच दिवस तोंडाला मुखपट्टी बांधावी व म्हाताऱ्या माणसांपासून दूर बसावें. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक पारा चढला तर तो ताप समजावा. "थोडी कणकण आहे" या शब्दांवर विसंबूं नये. नळी लावून पाहावी.

इतर रोगांचे नियमहि घरांत माहीत असावेत. जुलाब-वांत्या होत असल्या तर त्या पूर्ण थांबल्यावर आणखी ४८ तास घरीं राहावें. ज्यांचा स्वैंपाकाशीं, खानावळीशीं किंवा लहान मुलांच्या संगोपनाशीं संबंध आहे त्यांनीं तर हा नियम कसोशीनें पाळावा. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवरांत पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडांत सूज आल्यापासून पांच दिवस बाहेर पडूं नये. दोन आठवड्यांहून अधिक दिवस खोकला असेल तर कामाचा विचार बाजूस ठेवून थुंकी तपासून घ्यावी. क्षय वेळेवर कळला तर औषधानें हमखास बरा होण्यासारखा आहे, आणि दडविला तर तो घरभर पसरतो.

डेंग्यूची गोष्ट मात्र याहून निराळी आहे, व ती प्रत्येकानें नीट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. हा ताप माणसापासून माणसाला थेट लागत नाहीं. दिवसां चावणाऱ्या एडीस डासामार्फत तो पसरतो. म्हणून रोग्यानें दिवसांहि मच्छरदाणींत निजावें. पण या रोगाचा कपटीपणा पुढेंच आहे. तीन ते सात दिवसांनीं ताप उतरतो, घरांत सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि रोगी म्हणतो, "आतां उद्यांपासून कचेरींत जातों." नेमके तेच २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे असतात. रक्तवाहिन्यांतील पाण्याचा अंश बाहेर झिरपून रक्तदाब एकाएकीं खालीं येऊं शकतो. पोटांत जोराची कळ, थांबत नाहींत अशा वांत्या, हिरड्यांतून किंवा नाकांतून रक्त, अतिशय ग्लानि किंवा बेचैनी यांपैकीं एकहि चिन्ह दिसलें तर रुग्णालय गांठावें. डेंग्यूची शंका असतांना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन कदापि घेऊं नये; त्यानें रक्तस्राव वाढतो. या तापांत घाम येऊन अंग गार झालें म्हणजे रोग गेला, ही आपली जुनी समजूत जिवावर बेतूं शकते.

मुंबईची जुनी आठवण

एका माणसाच्या कामावर जाण्यानें किती अनर्थ होणार, असें कोणी म्हणेल. १९१८ च्या जून महिन्यांत मुंबईंत इन्फ्ल्युएंझा शिरला तेव्हां पहिल्या रोग्यांत गोदीवर पहारा करणारे पोलिस शिपाई होते. तेथून तो कचेऱ्यांत, गिरण्यांत व आगगाड्यांतून देशभर गेला. पावसाळा संपतांना दुसरी लाट आली ती फारच घातक ठरली. एकट्या हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. १९२१ च्या जनगणनेंत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षां कमी भरली. आपल्या जनगणनांच्या इतिहासांत असें एवढें एकच दशक आहे. त्या काळीं विषाणु कोणी पाहिला नव्हता, आणि घरीं राहणाऱ्या मजुराला त्या दिवसाची मजुरी मिळत नव्हती. आपल्याला रोगाची वाट माहीत आहे. २०२० सालीं तर आपण प्रत्येकानें ती डोळ्यांनीं पाहिली, घरांत निराळ्या खोल्या केल्या, ताटवाट्या वेगळ्या ठेवल्या. एवढा धडा मिळूनहि आपण तो इतक्या लवकर विसरावा याचेंच नवल वाटतें.

मग आपण जातों तरी कां?

एक कारण भीतीचें: वरिष्ठांचें तोंड वांकडें होईल, बढती हुकेल. दुसरें कारण संचयाचें. आपण रजा साठवितों. भाचीच्या लग्नाला, मुलाच्या परीक्षेला, कोंकणांतल्या कुलदेवतेला म्हणून ती राखून ठेवतों, आणि आपल्या स्वतःच्या देहाला त्यांतला एक दिवस देतांना हात आखडतो. तिसरें कारण मात्र जरा नाजूक आहे. आपल्यावांचून काम अडतें, ही भावना मनाला फार गोड लागते. घरीं राहिलों आणि कांहींच अडलें नाहीं, तर? हें पाहण्याची आपली तयारी नसते. माझीहि नव्हती.

अशा चिवटपणानें शरीर कमावलें जातें असें कोणास वाटत असल्यास, लंडनमधील सरकारी नोकरांची अनेक वर्षें पाहणी करून २००५ सालीं प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष सांगतें. ज्या पुरुषांची प्रकृति मुळांत बरी नव्हती आणि तरीहि ज्यांनीं दुखण्यासाठीं एक दिवसहि रजा घेतली नाहीं, त्यांच्यांत हृदयविकाराचे गंभीर प्रसंग, बेताची रजा घेणाऱ्या तशाच प्रकृतीच्या पुरुषांच्या मानानें, सुमारें दुपटीनें आढळले. तापांत हृदयाचे ठोके आधींच वाढलेले असतात. त्यांत जिने चढणें, गर्दींत लोंबकळणें आणि वेळेची धांवपळ यांची भर घालणें म्हणजे थकलेल्या बैलावर आणखी ओझें लादणें होय.

अलीकडे एक नवी पळवाट निघाली आहे. कचेरींत जात नाहीं, पण घरीं बसून संगणकावर काम करतों, असें लोक म्हणतात. यानें इतरांचा बचाव होतो हें खरें. पण उशीला टेकून, कपाळावर पट्टी ठेवून दहा तास पत्रव्यवहार करणें ही विश्रांति नव्हे. ज्या दिवशीं रजा, त्या दिवशीं ती रजाच असूं द्यावी.

निर्णय कसा करावा?

सकाळीं अंथरुणांत पडल्या पडल्या चार प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला, ताप आहे काय? असल्यास पुढचे प्रश्न विचारण्याचें कारण नाहीं, घरीं राहावें. दुसरा, माझ्यापासून दुसऱ्याला लागेल असें हें दुखणें आहे काय, आणि कामाच्या जागीं माझ्याजवळ कोण असतें? हिशेबनीस आणि बालवाडीच्या बाई यांचें उत्तर सारखें येणार नाहीं. तिसरा, माझें आजचें काम मला निर्धोकपणें करतां येईल काय? सर्दीच्या पुष्कळशा गोळ्यांनीं गुंगी येते. मोटार चालविणारा, यंत्रावर उभा राहणारा, औषधें मोजून देणारा, यांच्या एका डुलकीनें दुसऱ्याचा घात होऊं शकतो. चौथा, मी आज गेलों नाहीं तर खरोखर काय अडेल, आणि तें कोणाला सांगून करवितां येईल? या चौथ्या प्रश्नाचें उत्तर मनांतल्या मनांत देऊं नये. दूरध्वनि उचलावा आणि वरिष्ठांना विचारावें. बहुतेक वेळां "स्वस्थ पडा" हेंच उत्तर मिळतें.

याचा अर्थ शिंक आली कीं पांघरूण ओढावें असा नव्हे. धुळीनें होणारी नेहमींची शिंकाशिंक, संधिवात, अर्धशिशीची उतरती कळ, ताप नसलेलें चार दिवसांचें जुनें पडसें, यांसाठीं रोज घरीं बसणें इष्ट नाहीं. दीर्घकाळच्या दुखण्यांत तर झेपेल एवढें काम माणसाला उभारी देतें. आणि दुखण्याचें सोंग करून क्रिकेटचा सामना पाहणाऱ्यांनीं खरोखरच्या दुखणाइतांचा विश्वास घालविला आहे, हेंहि सांगावयास हवें.

रजेविषयींची माहिती आपल्याकडे फारच थोड्यांना असते. महाराष्ट्र सरकारच्या नोकरांना वर्षाला आठ दिवसांची किरकोळ रजा असते. शिवाय वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा जमा होते, आणि वैद्यकीय दाखला दिल्यास तीच निम्म्या दिवसांपुरती पूर्ण पगारी करून मिळते. मोठ्या दुकानांना व खाजगी कचेऱ्यांना लागू असलेल्या २०१७ च्या राज्य कायद्यानें नोकरांना वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा दिली. ती वर्ष संपलें कीं बुडते, तेव्हां ती साठवून ठेवण्यांत शहाणपणा नाहीं. १९४८ च्या कायद्यानें सुरू झालेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेंत आजारपणीं वर्षांत ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयासारख्या दीर्घ रोगांत ८० टक्क्यांप्रमाणें दोन वर्षांपर्यंतहि मिळूं शकते. मासिक वेतनाची मर्यादा २०१७ सालीं २१,००० रुपये करण्यांत आली. घरांतील एकादा मुलगा नुकताच कामाला लागला असेल तर त्याच्या पगारपत्रकावर ही वर्गणी कापली जाते कीं नाहीं, तें वडील मंडळींनीं अवश्य पाहावें.

ज्यांना रजाच नाहीं

आतां शेवटचा, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा भाग. माझ्या शाळेला रजेचा अर्ज देतां येतो. पण जाऊबाईंनीं कोणाकडे अर्ज करावा? नऊ माणसांचा दोन वेळचा स्वैंपाक करणारी बाई १०१ ताप अंगांत घेऊन ओट्यापुढें उभी राहते, तेव्हां तिला चिवट म्हणावयाचेंहि कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ती आजारी आहे हें पुष्कळदां संध्याकाळीं कळतें, तेंहि आमटींत मीठ पडलें नाहीं म्हणून. दुखणाईत माणसानें रांधलेलें अन्न साऱ्या घराच्या पोटांत जातें, हा विचार तरी निदान आपल्या स्वार्थासाठीं करावा. ज्या घरांत चार प्रौढ माणसें आहेत तेथें दोन दिवस खिचडी-भात शिजविणें पुरुषांना अशक्य आहे काय? आमच्याकडे भाऊजी तें शिकले. पहिल्या दिवशीं खिचडी खालीं लागली; पण सगळ्यांनीं ती खाल्ली.

तसेंच भांडींधुणें करावयास येणाऱ्या बाईचें. तिनें खाडा केला कीं पुष्कळ घरांतून त्या दिवसाचे पैसे कापतात. मग ती खोकत, कण्हत येते, आणि आमच्यासारख्या चार-पांच घरांतून फिरते. ज्या ताटांत आपलें तान्हें मूल जेवतें तें ताट ती विसळीत असते. दुखण्याच्या दिवसांचे पैसे न कापणें यांत दया आहेच. पण त्याहून अधिक त्यांत साधा व्यवहार आहे. आमच्या घरीं हा नियम सासूबाई रुग्णालयांतून आल्यावर मामंजींनीं घालून दिला, व त्या बाईला तो तोंडानें बोलून सांगितला, कारण न सांगितलेला नियम तिच्या काय उपयोगाचा?

आतां आमच्याकडे उष्णतामापक नळी देवघराशेजारच्या कोनाड्यांत असते. कोणाला कणकण वाटली कीं पारा पाहावयाचा, आणि जावें कीं न जावें हें त्या माणसानें एकट्यानें ठरवावयाचें नाहीं. घरांतल्या आणखी एकाला विचारावयाचें. ज्याला ताप असतो त्याला स्वतःची परीक्षा करतां येत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

गेल्या महिन्यांत भाऊजींना ताप आला. महिनाअखेर, बँकेंत हिशेबाचे दिवस. त्यांनीं गोळी घेतली, सदरा चढविला आणि पायांत वहाणा घालूं लागले. सासूबाई काठी टेकीत दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "पारा किती?" भाऊजी गप्प राहिले. "मग आज जायचें नाहीं," एवढें बोलून त्या तेथेंच उंबऱ्याशीं खुर्ची ओढून बसल्या. भाऊजींनीं थोडा वेळ त्यांच्याकडे, थोडा वेळ घड्याळाकडे पाहिलें. मग वहाणा काढून ठेवल्या आणि बँकेला दूरध्वनि करावयास आंत गेले.